दुधाच्या दाढेतली रेघ

"आ कर बघू. मोठ्ठा! हत्ती जांभई देतो तसा," बालवाडीच्या पेंडसेबाई म्हणाल्या, आणि जुईनं तोंड इतकं उघडलं की तिचे डोळे मिटले.

दंतदीप दिसायला साधा होता. जाडसर पेनासारखा, टोकाशी निळा उजेड. बाईंनी तो जुईच्या मागच्या दुधाच्या दाढेला टेकवला तशी जुई गुदगुल्या झाल्यासारखी हसली. भिंतीवरच्या पडद्यावर दाढ उमटली, उभ्या चिरलेल्या कांद्यासारखी, थरावर थर. त्या थरांमधून एक काळपट रेघ आरपार गेलेली होती. पडद्याचा कोपरा तांबडा झाला.

पालकांच्या बाकावर बसलेल्या शाल्मलीनं तो तांबडा रंग बाईंच्याही आधी पाहिला. वाईट गोष्ट सगळ्यांच्या आधी दिसायची तिला सवयच लागली होती. जुई झाल्यापासून तिचं अर्धं लक्ष कायम पोरीच्या श्वासाकडे असायचं. शेंगदाणा घशात अडकेल, खिडकीची जाळी निसटेल, शेजारच्यांचं मांजर बोचकारेल. प्रथमेश, तिचा नवरा, म्हणायचा, "तू आई आहेस की वेधशाळा?"

"घाबरू नका हं," पेंडसेबाईंनी आवाज खाली आणला. "तांबडी मुलं आपण जपणूक गटात घेतो. मातीत खेळणं नाही, पळापळी नाही, सहल नाही. सोमवारी डॉक्टर येतील, त्या दिवसापासून बळाची इंजेक्शनं सुरू. फक्त एकदा सुरू केली की दहा वर्षांची होईपर्यंत मध्ये सोडता येत नाहीत. अंगाला सवय लागते ना. तुमची संमती तेवढी लागेल."

"आणि नाही दिली तर?"

बाई गोंधळल्या. तांबडा दिवा बघून हा प्रश्न त्यांना अजून कुणी विचारला नसावा.

"ताई, यंत्र म्हणतंय, एवढी खोल रेघ असलेली मुलं पुढच्या मोठ्या आजारात टिकत नाहीत. तुम्ही तर त्याच क्षेत्रातल्या. मी काय सांगणार?"

शाल्मली त्याच क्षेत्रातली होती, म्हणूनच तिला रेघेची तारीख कुणाला विचारावी लागली नाही. पडद्यावरचे थर तिला वाचता येत होते. सात-आठ महिन्यांच्या मध्ये कुठंतरी. म्हणजे त्या हिवाळ्यात. ती उत्खननावर गेली होती आणि जुई सासूबाईंकडे होती, त्या हिवाळ्यात.

शाल्मली पुण्यात मानववंशशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करायची. काम दोन प्रकारचं. एक, जिवंत माणसांची मापं: उंची, दंडाचा घेर, चिमट्यात धरलेल्या कातडीची जाडी. दुसरं, मेलेल्यांच्या हाडांची. दोन्हीकडे प्रश्न एकच: हे माणूस कसं वाढलं?

हाडाला हे विचारून फार उपयोग नसतो. हाड जन्मभर स्वतःला मोडतं आणि पुन्हा घडवतं, त्यामुळे बालपणीचं बरंच काही विसरून जातं. दाताच्या कवचाचं तसं नाही. दात हिरडीत तयार होत असताना हे कवच रोज किंचित किंचित चढतं, गवंडी गिलावा चढवतो तसं. एकदा चढलं की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. मूल आजारी पडलं, उपाशी राहिलं, हादरलं, की त्या दिवसांचं काम बिघडतं आणि तिथं रेघ राहते. जन्माची म्हणून एक रेघ सगळ्यांच्याच दुधाच्या दातांत असते. या जगात येणं हाच पहिला धक्का. पूर्वी या रेघा बघायला दात कापावा लागे, म्हणजे ते फक्त मेलेल्यांच्या बाबतीत जमे. दंतदीपाचा उजेड न कापता कवचात शिरला आणि जिवंत पोरांच्या तोंडातही बालपण वाचता येऊ लागलं. मग एका कंपनीनं देशोदेशींच्या प्रयोगशाळांमधून मुलांच्या सांगाड्यांचे दात गोळा केले, यंत्राला शिकवले, आणि दोन वर्षांत गावोगावच्या बालवाड्यांत निळा उजेड पोचला.

पोरांना गुदगुल्या झाल्या. मोठ्यांची मात्र घराघरांत भांडणं लागली. कुठल्या महिन्यात काय झालं होतं, मूल कुणाजवळ होतं, काय खायला घातलं होतं? शाल्मलीच्या ओळखीतल्या एका बाईनं जुन्या पाळणाघरावर फिर्याद केली होती. तेव्हा शाल्मली हसली होती.

घरी आल्या आल्या तिनं चपलाही काढल्या नाहीत.

"आई, जुई सात-आठ महिन्यांची होती तेव्हा तिला काही झालं होतं का? मी कोंढाऱ्याला होते तेव्हा."

द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून फुटाणे खात होत्या. वय अडुसष्ट, आणि दाढा शाबूत असल्याचा गर्व कुणालाही ऐकू जाईल एवढा मोठा. फुटाणे, कडक भाकरी, ऊस, सगळं त्या मुद्दाम चारचौघांत खायच्या.

"काय व्हायचंय? काही नाही झालं."

"ताप? जुलाब? कुठं पडली वगैरे?"

"म्हटलं ना, काही नाही. रोज फोनवर सांगत होते की तुला. का?"

शाल्मलीनं दाढेचं सांगितलं. सांगताना तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, प्रयोगशाळेत अहवाल वाचून दाखवते तसा. द्वारकाबाईंचं चघळणं थांबलं.

"म्हणजे मी पोरीला काहीतरी केलं आणि लपवलं, असं तुझं म्हणणं."

"मी असं कुठं म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. दाढ म्हणाली."

प्रथमेश संध्याकाळी आला आणि दोघींच्या तोंडाकडे बघून आल्या पावली दूध आणायला निघून गेला. घरात दूध भरपूर होतं.

दुसऱ्या दिवसापासून द्वारकाबाईंनी नवाच प्रकार सुरू केला. जुईला भरवायच्या आधी प्रत्येक घासाला परवानगी.

"शाल्मली, वरण देऊ का गं? नाही, दाढेत उमटायचं."

"आई, प्लीज."

"तूप घालू? बघ बाई, नंतर यंत्रात निघेल, आजीनं तूप घातलं होतं."

जुईला यात मोठी गंमत वाटली. तीही घास तोंडाशी आला की विचारायची, "दाढेत उमटेल?" आणि आजीकडे बघून खिदळायची. आजी हसायची नाही. शाल्मलीला गिळलेलं गोड लागेना. सोमवार जवळ येत होता. प्रथमेशला विचारलं तर म्हणाला, "इंजेक्शनं देऊन टाकू. उद्या काही झालं तर आपण स्वतःला माफ करू का?" हे वाक्य तिनंच पूर्वी कधीतरी त्याला म्हटलेलं होतं, जाळीच्या बाबतीत.

प्रयोगशाळेत त्या आठवड्यात कोंढाऱ्याहून आणलेल्या मडक्यांची एक जोडी उघडायची होती. कोंढारे हे नदीकाठचं छोटं गाव. गावाबाहेरच्या राखट मातीच्या उंचवट्याला लोक पांढर म्हणतात. तिच्या पोटात तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली होती, आणि घरांच्या जमिनीखाली कुंभ. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली, आत मूल. त्या काळची माणसं दगावलेलं पोर गावाबाहेर नेत नसत; आपण झोपतो-जेवतो त्याच जमिनीखाली ठेवत. पहिला कुंभ निघाला तेव्हा शाल्मली गुडघ्यावर बसून ब्रशनं माती झाडत होती. घरी जुई तेवढीच होती, हे तिच्या डोक्यातून एक क्षण गेलं नव्हतं.

"नऊ महिन्यांचं असावं," आता उघडलेल्या जोडीतलं मूल बघून इक्बाल म्हणाला. इक्बाल शिकलगार तिचा जोडीदार. त्यांच्या प्रयोगशाळेत कुठलंही माप दोन हातांनी व्हायचं. एकानं घ्यायचं, मग दुसऱ्यानं, पहिल्याचा आकडा न बघता. आणि आपल्या नात्यातल्या माणसाला आपण पहिलं मोजायचं नाही. डोळा मायेनं वाकडा होतो, असं इक्बालचं मत. "दाढ अर्धीच तयार झालीय. टाक अपूर्णात."

अपूर्ण म्हणजे खिडकीजवळचा कापसाचा ट्रे. ज्यांचं कवच पुरं झालेलं नाही असे दात तिथं जायचे. त्यांची वाचणी करायची नाही, असा पहिल्यापासूनचा शिरस्ता. अर्धवट दातांमुळे सरासरी बिघडते. कंपनीला दात पाठवले तेव्हाही हा ट्रे मागेच राहिला होता.

शाल्मलीनं दाढ ट्रेकडे नेली आणि ठेवली नाही.

"एकदा बघू या."

"कशाला? हिशोबात धरणार नाहीत."

"मला बघायचंय."

इक्बालनं तिच्या चेहऱ्याकडे पाहून वाद घातला नाही. उजेड लावला. पडद्यावर थर उमटले. जन्माची रेघ होती. तिच्यापुढे एकसारखे, स्वच्छ, नीट बसवलेले थर, अगदी शेवटच्या थरापर्यंत. पडद्याचा कोपरा हिरवा झाला.

"घ्या," इक्बाल म्हणाला. "बाळ ठणठणीत आहे. फक्त गेलेलं आहे."

एरवी ती हसली असती. तिनं ट्रेमधली दुसरी दाढ घेतली. हिरवी. तिसरी हिरवी. चौथीत एक अस्पष्ट रेघ होती, बाकी साफ. तान्ही पोरं, अर्ध्या दाढांची, सगळी निरोगी, सगळी मातीखाली.

"इक्बाल, यांना काय झालं असेल?"

"जे काही झालं ते पटकन झालं असेल. रेघ पडायला वेळ लागतो. आजार यायला हवा, काम बिघडायला हवं, आणि नंतर काम पुन्हा सुरू व्हायला हवं. पुढचा थर चढलाच नाही तर रेघ कशाची?" बोलता बोलता तो थांबला. "आणि यांना आपण बाजूला ठेवत आलो."

"म्हातारी माणसं?"

"त्यांचे दात झिजलेले, पडलेले, चांदी भरलेले. तेही बाजूला."

शाल्मली खुर्चीवर बसली. मग यंत्रानं बघितलं कुणाला? दाढ पुरी होईपर्यंत आजाराशी झगडून मग गेलेली मुलं एका बाजूला, आणि शहरातली बाळसेदार जिवंत मुलं दुसऱ्या बाजूला. आजार सोसून उठली आणि म्हातारी झाली, अशी माणसं त्याला कुणी दाखवलीच नव्हती. रेघेनंतर माणूस जगतं हे त्याला कळणार कुठून?

"हा फक्त अंदाज आहे," ती स्वतःला बजावल्यासारखी म्हणाली. "एक म्हातारी दाढ तरी हवी. न झिजलेली."

"माझ्या अब्बांची बघितली असती, पण ती ग्लासात असते."

शाल्मलीच्या डोळ्यांसमोर फुटाणे आले.

"आई, तुमची दाढ बघायची आहे."

"का? आता माझ्यावर पण खटला?"

"नाही. मला... मला मदत हवीय."

द्वारकाबाईंनी तिच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. सून मदत मागतेय हे त्यांच्या ऐकण्यात फारसं नव्हतं. शनिवारी त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, जुईचं बोट धरून प्रयोगशाळेत आल्या. दारातच थबकल्या.

"ही सगळी माणसं?"

"हो मावशी, पण शांत आहेत," इक्बाल म्हणाला. "कुणी उलटून बोलत नाही."

"मग माझ्या सुनेला इथं करमत असेल."

इक्बाल एवढा हसला की त्याला दंतदीप खाली ठेवावा लागला. खुर्चीत बसवून त्यानं दिवा लावला. नियमाप्रमाणे पहिली वाचणी त्याची. शाल्मली पाठ करून उभी राहिली. नंतर तिची. मोठ्या माणसाची पहिली पक्की दाढ जन्मापासून तीनेक वर्षांपर्यंत घडते. द्वारकाबाईंची कडेला थोडी झिजलेली होती, पण कवच जागेवर होतं. आणि दोन वर्षांच्या आसपास, एकाला लागून एक, जुईच्या रेघेहून दुप्पट जाड रेघा. जणू कुणी गिलाव्यावर नखं ओढली होती. दोन्ही वाचण्या जुळल्या. कोपरा तांबडा झाला आणि यंत्रानं आपल्या गोड आवाजात निकाल सांगितला: हे मूल पाच वर्षांचं होण्याची शक्यता कमी.

"कोण मूल?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तुम्ही, आई."

"म्हणजे मी पाचाची व्हायच्या आत जाणार?"

"यंत्र तसं म्हणतंय."

"त्याला सांग, जरा उशीर झाला."

जुईनं टाळ्या वाजवल्या. इक्बालनं हलकेच विचारलं, "मावशी, दोन वर्षांच्या होतात तेव्हा काय झालं होतं?"

"मला काय आठवतंय? बहात्तरचा दुष्काळ. आमचं पारनेरकडचं गाव. आई सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची, मला कडेला झोळीत टांगून. हगवण लागली होती म्हणे मला महिनाभर. नुसती कातडी राहिली होती. सगळे म्हणायचे, ही जाते." त्यांनी पदराला हात पुसले, हातांना काही लागलेलं नसताना. "गेला माझा पाठचा भाऊ. त्याला काहीच झालं नव्हतं. गुटगुटीत होता. दोन दिवसांत गेला."

इक्बालनं खिडकीजवळच्या ट्रेकडे पाहिलं, मग शाल्मलीकडे.

एका दाढेनं काही सिद्ध होत नाही, हे शाल्मलीला पक्कं ठाऊक होतं. दात टिकवलेले शेकडो म्हातारे शोधावे लागणार होते, जगभरातले अपूर्णाचे ट्रे उघडावे लागणार होते, कंपनीशी भांडावं लागणार होतं. त्याला वर्षं गेली असती. सोमवार परवावर आला होता.

बाहेर आवारात उत्खननाच्या चाळलेल्या मातीचा ढीग होता. जुई सरळ त्यात जाऊन बसली. शाल्मलीचे पाय उचललेही गेले होते, पण पायरीवर बसलेल्या द्वारकाबाई तिच्याकडे बघत होत्या. ती त्यांच्या शेजारी बसली.

"आई, मी आरोप करत नाही. खरंच विचारते. मी गेले तेव्हा जुई कशी होती?"

द्वारकाबाईंनी कमरेची पिशवी चाचपली, पुन्हा तशीच ठेवली.

"काही झालं नव्हतं, तेच खरं. ताप नाही, जुलाब नाही. वरचं दूध नको, पेज नको. दाराकडे तोंड करून बसायची नुसती. फोनवर तुझा आवाज आला की जास्तच रडायची, म्हणून मी तो आतल्या खोलीत जाऊन घ्यायचे."

शाल्मलीला आठवलं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून ती विचारायची, पाठीमागे आवाज का येत नाही? सासूबाई म्हणायच्या, झोपलीय.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तू धावत आली असतीस. आणि परत गेली नसतीस." त्या मातीतल्या जुईकडे बघत होत्या. "एवढं शिकलीस ते घरात बसायला?"

"मग नंतर?"

"मग काय. एका दुपारी माझ्या ताटातली भाकरी ओढली तिनं. आमटीत कुस्करून दिली, तर आणखी मागितली. झालं."

म्हणजे ती रेघ शाल्मलीच्या जाण्याचीही असू शकत होती. कदाचित नसेलही, तारखेत दोन-तीन आठवड्यांची चूक सहज राहते. इतके दिवस तिनं सगळ्यांना सगळं विचारलं होतं, स्वतःला हा एक प्रश्न सोडून.

तिनं फोनवर जुईच्या दाढेचं चित्र उघडलं. ही रेघ ती दिवसातून कितीदा बघत होती. रेघेच्या पुढे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता बोटांनी चित्र मोठं केलं. रेघेनंतर थर पुन्हा सुरू झाले होते. आधी जरा वाकडे, मग सरळ, मग एकसारखे, पार कडेपर्यंत. त्यातले सुरुवातीचे ती कोंढाऱ्याला असतानाचे होते. आमटीत कुस्करलेल्या भाकरीचे.

"हे बघा," तिनं फोन पुढे केला. "हे इथून पुढचं. हे तुमचं काम."

द्वारकाबाईंनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं.

"मला तर कांदा दिसतोय," त्या म्हणाल्या. पण फोन त्यांनी लगेच परत दिला नाही.

सोमवारी बालवाडीत डॉक्टर आले होते. पेंडसेबाईंनी संमतीसाठी पडदा पुढे सरकवला. शाल्मलीनं 'नाही'वर अंगठा टेकवला. अंगठा नीट उमटला नाही, म्हणून यंत्रानं पुन्हा टेकवायला लावला. तिनं पुन्हा टेकवला.

"ताई, तांबडा आहे हो," बाई कळवळून म्हणाल्या. "प्रथमेशदादांना विचारलंत ना?"

"शनिवारी रात्रीपर्यंत भांडलो. मग त्याच्या आईनं यंत्राचा स्वतःबद्दलचा निकाल ऐकवला, तेव्हा तो गप्प बसला." मग तिला वाटलं, बाईंनाही नीट काहीतरी सांगायला हवं. "चुकत असेन तर मी चुकत असेन, बाई. पण यंत्रानं जगलेली माणसं बघितलेली नाहीत. मी ती दाखवणार आहे त्याला. तुमच्या ओळखीत कुणी म्हातारं आहे का, स्वतःचे दात असलेलं?"

"माझे आजेसासरे आहेत," पेंडसेबाई नकळत म्हणून गेल्या. "ब्याण्णव. ऊस खातात."

जुई केव्हाच मातीच्या खेळातल्या पोरांत मिसळली होती. शाल्मली फाटकाशी जाऊन उभी राहिली. ऑफिसला उशीर होत होता तरी पाय निघेना. जुई पळाली, पडली. शाल्मलीचा हात फाटकाच्या कडीवर गेला. जुई उठली, गुडघ्याला थुंकी लावली आणि पुन्हा पळाली.

"किती वेळ बघणार आहेस?" शेजारी उभ्या द्वारकाबाईंनी विचारलं.

"थोडा वेळ."

"मग रिकाम्या तोंडानं नको." त्यांनी पिशवीतून मूठभर फुटाणे काढून तिच्या हातावर ठेवले. "घे. तुझ्या दाढांनाही काही काम लाव."

फुटाणे दगडासारखे होते. दोघी फाटकाशी उभ्या राहून ते फोडत राहिल्या, आणि मूठ संपेपर्यंत शाल्मलीनं पोरीवरची नजर हलवली नाही.